टायमिंग लावताना

"फर्डी, सव्वातीन झाले! चारला देवळात लग्नाची मिस्सा. फादर काय आपल्यासाठी थांबायचे नाहीत!" सेबॅस्टियन अंगणातून ओरडला.

फर्डिनंड, माझा नवरा, बॉनेटखाली वाकला होता. त्यानं मान वर केली नाही.

सेबॅस्टियन आमचा शेजारी. साल नव्याण्णव, मे महिना, त्याच्या मुलीचं, कॅथरिनचं लग्न. नवरी आपल्या जुन्या फियाटमधूनच देवळात जाणार, हा त्याचा हट्ट. लग्नाची गाडी आतूनही चकचकीत हवी म्हणून सकाळी त्यानं इंजिन साबणानं धुतलं. प्लगच्या चारही वायरी उपटल्या, डिस्ट्रिब्युटर सैल केला आणि सगळं अंदाजानं परत बसवलं. तेव्हापासून गाडी नुसते फटाके फोडत होती.

"इंजिन काय टोप आहे घासायला?" फर्डिनंडनं आल्या आल्या त्याला झाडलं होतं.

माझा मात्र पाय ठरत नव्हता. ओट्यावर जाई, परत गाडीपाशी येई. गेल्या पावसाळ्यापासून फर्डिनंडला ऐकू कमी येत होतं. त्यानं ते कबूल केलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. तो गावचा मेकॅनिक; पार गोखिवऱ्याहून लोक गाड्या आणत, ते नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखणाऱ्या त्याच्या कानासाठी. हे आज चारचौघांत उघडं पडलं असतं, तर उद्यापासून आमच्या दारात गाडी आली नसती. आणि गाडीवाचून हा माणूस कसा जगला असता?

वायरींचं काम हातांचं. ते बिनचूक झालं. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून त्यानं पाहुण्यांना गाडी गिअरमध्ये ढकलायला लावली. आतल्या दाबानं अंगठा उडाला तसा "बस!" म्हणाला. मग एक-तीन-चार-दोन असं पुटपुटत एकेक वायर जागेवर लावली. इंजिन सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता टायमिंग, म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीची वेळ जुळवणं. ते कानाचं काम.

"बँड थांबवा!" तो नेहमीसारखा दरडावला. टायमिंग लावताना कोणी शिंकलेलंही त्याला खपत नसे. बँड थांबला. पांढऱ्या झग्यातली कॅथरिनसुद्धा दारात गप्प उभी राहिली.

त्यानं डिस्ट्रिब्युटर मुठीत धरून थोडा फिरवला. आणि माझ्याकडे पाहिलं.

तीस वर्षांत, गाडीवर हात असताना, त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मी पुढे होऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो आवाज मला पाठ होता. तीस वर्षं चुलीपाशी बसून ऐकला होता. इंजिन धापा टाकत होतं. मी ओठ आवळले. त्यानं आणखी फिरवला. आत खडखड सुरू झाली. मी भुवया चढवल्या. त्यानं केसभर मागे फिरवला. आवाज एकसारखा झाला, मऊ झाला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा तो बोल्ट आवळत होता.

"कान आहे की काय!" सेबॅस्टियन म्हणाला. "हेलनबाय, याचे कान सोन्यानं मढव गं."

"मढवते की. सोनं तू दे."

सगळे हसले. फर्डिनंड हसला नाही. तो विहिरीवर हात धुवायला गेला.

बँड पुन्हा सुरू झाला. गाडी हॉर्न वाजवत फाटकाबाहेर पडली, मागून सगळं वऱ्हाड निघालं. तो पाठमोरा बसून नखांतलं ग्रीस काढत होता. मी टॉवेल घेऊन गेले. खांद्याला हात लावला, तेव्हा वळला.

बँड अजून आमच्या कुंपणाशीच वाजत होता.

"गेली का गाडी?" त्यानं विचारलं.