तानुबाईचं पान

तानुबाई आषाढात गेली, आणि दिवाळी सरल्यावर पुन्हा दुकानात येऊन बसली.

दुकान ऑनलाइन. गावोगावच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या त्यावर विकल्या जात. परभणीत स्टेशनच्या मागं एका खोलीत बसून राजेश्री ते सांभाळायची. कोणता माल वर दिसावा, संपलेला कधी लपवावा, सर्व्हरवर ताण किती, हे सगळं तिच्याकडं. चुडाव्याच्या तानुबाईची शेवटची गोधडी विकली गेली तेव्हा तिनंच ती यादीतून काढली होती. तरी दुकान उघडलं की पहिल्या रांगेत तानुबाई. मांडीवर गोधडी पसरून, मान जराशी तिरकी करून हसणारी.

राजेश्रीच्या अंगावर काटा आला. तिनं पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"भूतबित काही न्हाई, ताई," सोबत काम करणारा नागेश म्हणाला. "जास्त बघितलेला माल आपोआप वर चढतोय. कुणीतरी हे पान सारखं उघडायलंय. त्यातला व्हिडिओ आपल्याच सर्व्हरवरून जातो, म्हणून तर दुकान अडकायलंय. पानच बंद करा."

खरंच होतं. व्हिडिओ संपला की पुन्हा पहिल्यापासून, एकाच फोनवर, दिवसभर. ऐन थंडीची गिऱ्हाइकी खोळंबली होती. तिनं पान बंद केलं आणि सर्व्हर हलका झाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मोबाइल वाजला. पडद्यावर नाव आलं, 'तानुबाई चुडावा'.

तिनं कसाबसा फोन कानाला लावला. पलीकडं आधी नुसता श्वास. मग एक थरथरता म्हातारा आवाज.

"ताई, मी तानीची माय, सरजाबाई. तानी दुकानातून कुठं गेली ओ? कालपस्तोर बोलायली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं राजेश्री चुडाव्याला गेली. जावई चंद्रभान ऊसतोडीला गेलेला. म्हातारी एकटीच भिंतीला टेकून बसली होती. राजेश्रीनं तो व्हिडिओ तिच्या हातातल्या, तानुबाईच्याच फोनमध्ये भरून दिला.

"आता रेंज नसली तरी दिसेल, मावशी."

तानुबाई बोलू लागली, "बघा, माझ्या मायच्या लुगड्याची वाकळ हाय. लय ऊब देती."

सरजाबाईनं फोन पालथा घातला.

"ह्याच्यात नगं, बाई. इथं ती माझ्यावानी एकली पडली. तिथं लोकं येतेत, तिला बघतेत. दुकानातच ठिवा."

राजेश्रीनं पान पुन्हा उघडं केलं. खरेदीचं बटण काढलं, पान वर चढणार नाही अशी सोय केली, व्हिडिओ वेगळ्या जागी हलवला. सर्व्हरला काही त्रास उरला नाही.

माघात चंद्रभानचा फोन आला, दुसऱ्याच नंबरवरून. सरजाबाई गेल्या होत्या. तानुबाईचा फोन आठवडाभर बंदच पडून होता, म्हणाला.

आता बघणारं कुणी नाही, असं म्हणत राजेश्रीनं पान काढायला घेतलं. कोपऱ्यात आकडा दिसत होता. या क्षणी पान बघणारे, दोन.

असतील कुणी गिऱ्हाइकं, तिनं स्वतःला समजावलं. कोण ते शोधता आलं असतं. तिनं शोधलं नाही, पानही काढलं नाही. उठून ती बाहेर, नागेश चहा घेत होता तिथं उन्हात जाऊन उभी राहिली.