डाव्या काखेतला उलटा टाका

ये पोरी, बस. त्या खोक्यावर बस, मोडायचं नाही ते. त्यात एका पाद्र्याची पुस्तकं आहेत, सहा महिन्यांत कोणी हात लावला नाही. स्वेटर दे इकडे. हां, बाहीवर दोन टाके चुकलेत खरे. दुकान सांभाळणाऱ्या ग्लेनिसबाईंनी सांगितलं असेल, मागच्या खोलीत वॉल्ट बसतो, पाच मिनिटांत सरळ करून देईल. देईन की. पण सुई हातात घ्यायच्या आधी तुला एक गोष्ट सांगतो. चहा गरम आहे तोवर संपेल, नाही संपली तर दुसरा टाकू.

माझा बाप बंदरावर जाळी दुरुस्त करायचा. पंधराव्या वर्षी माझी शाळा सुटली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं म्हण. मग पन्नास वर्षं मासळीची लॉरी हाकली. लॉरी सुटली तशी माझी बायको ब्रेंडा म्हणाली, "घरात माझ्या पायात पायात येऊ नकोस, जा कुठेतरी." म्हणून हे धर्मादाय दुकान. लोकांनी दिलेले कपडे मी बघतो, वाफ देतो, बटणं लावतो, उसवलेलं शिवतो. बापाने जाळ्यावर शिकवलेलं हाताला अजून येतं. जाळं काय नि स्वेटर काय, भोकाला धाग्याने बांधायचं.

आणि मीही तुझ्यासारखाच, जुन्या वस्तू शोधणाऱ्यांतला. सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर पाच-सहा जण उभे असतात ना, कोणाला जुने कोट हवे, कोणाला पितळेची घंटा, तसा मला किटल्यांच्या झाकणांचा नाद. किटली नको, नुसतं झाकण. एकशे बारा झालीत. ब्रेंडा म्हणते, तू मेलास की सगळी तुझ्यावर ठेवते आणि चहा ओतते.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. मार्च महिना होता. सकाळी दारात एक पिशवी. दुकान बंद असताना ठेवू नका अशी पाटी आहे, ती पिशवीने झाकलेली. उघडली तर आत कोळ्याचा पिवळा रेनकोट, जुना, मिठाने कडक झालेला. उचलला तर जड लागला. बघतो तर त्याच्या आत गॅन्सी. गॅन्सी म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांचं घट्ट विणीचं निळं स्वेटर, वारासुद्धा आत शिरत नाही असं. बाहीत बाही तशीच अडकलेली. थकलेला माणूस दोन्ही एका झटक्यात डोक्यावरून काढतो ना, तसं काढून खुंटीला टांगलेलं.

मी ते वेगळं केलं. काय वीण होती, पोरी! छातीवर दोरखंड, त्यात शिडी, आमच्या गावचा नमुना. प्रत्येक गावाचा वेगळा असतो. कुठे एक टाका हललेला नाही. आणि डाव्या काखेला, हात मोकळा हलावा म्हणून चौकोनी कळी असते तिथे, सगळे सुलट टाके आणि मधोमध एकच उलटा. मोहरीएवढा उंचवटा. धुतलेल्या भिंतीवर माशी बसावी तसा डोळ्यात खुपला मला.

म्हणलं, बिचारीची कोणाची तरी नजर चुकली. धागा कापला, टाका सोडवला, सुलट केला, निळ्या लोकरीने जोडला आणि आतून बापाची जाळ्याची गाठ मारली. कोणाला कळणार नाही असं काम. ग्लेनिसबाईंना बोलावून दाखवलंसुद्धा. "कुठे होतं ते दाखवा बघू!" त्यांना सापडेना. मी दिवसभर शीळ घालत होतो.

एप्रिल संपता संपता या दारात पांढरी काठी ठकठक करत हिल्डा कॅपलमन आली. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, मी तिच्या वेण्या बाकाला बांधायचो. तिचा नवरा एडविन, होडीवाला. बुडाला नाही, साठ वर्षं समुद्रावर जाऊन शेवटी आपल्या बिछान्यात गेला.

"वॉल्ट, आहेस का रे मेल्या?"

"आहे की. पायरी सांभाळ."

"पायरी मला ठाऊक आहे. हे दुकान चपलांचं होतं तेव्हापासून." खोक्यावर बसली, तू बसलीस तिथेच. "अरे, माझ्या भाचीने मार्चात पिशवी आणून टाकली. एडविनचा रेनकोट होता. मीच म्हणाले घेऊन जा, दारामागे टांगलेला, येता-जाता तोंडावर यायचा. गॅन्सी पेटीत आहे असं मी धरून चालले होते. काल पेटी उघडली तर नाही. मग रात्री आठवलं. तो कधी सुटी सुटी काढायचाच नाही. कोटाच्या आतच राहिली असणार ती."

मी हातातली बटणं परत डबीत टाकली.

"मला आता फोटोतलं तोंड दिसत नाही वॉल्ट," ती म्हणाली. "लग्नाचा फोटो म्हणजे नुसती काच. तेवढी गॅन्सीच होती, हाताने बघता येणारी."

"निळ्या गॅन्स्या पुष्कळ येतात गं. ओळखायची कशी? नावाची अक्षरं आहेत का खाली?"

"कॅपलमनांची घरं गावात अकरा. अक्षरं घेऊन काय करू? डाव्या काखेत मी एक टाका उलटा घातलाय. मुद्दाम. आई म्हणाली होती, नमुना गावाचा असतो, चूक आपली असते. समुद्राने माणूस परत दिला, आणि तोंड ओळखू येईना, तर बोट घालून बघायचं."

पोरी, तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं मी. बाहेर काय आलं? "चहा घेतेस?"

ग्लेनिसबाईंना विचारलं, ती गॅन्सी कुठे गेली. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे विकलं गेलं नाही तर गाडीत घालून आपल्या दुसऱ्या दुकानांत जातं, नियम आहे. ब्रिडलिंग्टन नाहीतर स्कार्बरो नाहीतर व्हिटबी. आणि दिलेलं परत मागता येत नाही, हाही नियम आहे." मग हळूच म्हणाल्या, "विकत घ्यायला मात्र कोणाला बंदी नाही." वरून दगड, आतून लोणी अशी बाई आहे ती.

म्हणलं हिल्डा, मी जाऊन शोधतो. तर म्हणाली, "तू काय शोधणार? बोटं माझी लागतील." झालं. दर गुरुवारी म्हाताऱ्यांचा फुकट पास घेऊन आम्ही दोघं बसमध्ये. ब्रेंडाने सँडविच बांधून दिले आणि म्हणाली, "झाकण आणलंस तर घराबाहेर झोपशील."

पहिला गुरुवार ब्रिडलिंग्टन. दुकानात शिरली की हिल्डा कपडे टांगलेल्या दांडीच्या एका टोकाला उभी राहायची आणि लोकरीचं जे जे हाताला लागेल त्याच्या डाव्या काखेत बोट. "नाही. नाही. हे तर मशिनीचं. नाही. शी, हे नायलॉन." अशी करत करत दांडी संपली, हिचा हात पुढे गेला आणि पुढे एक जिवंत माणूस निळं स्वेटर घालून पुस्तकं चाळत उभा. गेलं बोट काखेत! तो कोकलला, "अहो बाई!"

हिल्डा शांतपणे म्हणाली, "माफ करा. तुम्ही नाही."

बसमध्ये परत येईपर्यंत आम्ही हसत होतो. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "एडविनही असाच ओरडायचा."

"म्हणजे?"

"लग्नाआधी विणलं ते. एकोणीस वर्षांची होते. त्याला टाक्याचं सांगितलं तर फुगला. म्हणाला, म्हणजे मी बुडणार याची तू तयारी करून ठेवलीस. मी म्हणलं, नाही रे, परत येणार याची. मग रोज होडीवरून आला की दारातच मी काखेत बोट घालायची, टाका लागला की आत घ्यायची. गुदगुल्यांनी वाकायचा मेला. म्हणायचा, अगं तोंड बघ ना माझं! मी म्हणायची, तोंड कोणाचंही असतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर नुसत्या मेंढ्या. तरी बघत राहिलो.

दुसरा गुरुवार स्कार्बरो. तिथे एक गॅन्सी सापडली, पण नमुना परगावचा. परतताना हिल्डा बसचा पास बोटांत उलटापालटा करत होती. उतरताना म्हणाली, "कोणीतरी घातली असेल आता. घालू दे. थंडीला चांगली असते." असं म्हणाली आणि काठी पायरीवर दोनदा चुकली. घरी ब्रेंडाला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "तू एकशे बारा झाकणं जमवलीस वॉल्ट, आणि एक तोंड उघडता येत नाही तुला."

तिसरा गुरुवार व्हिटबी. दुकान चढावर, आम्ही तीनदा थांबलो. आत गेलो, हिल्डा दांडीशी लागली, मी मागे. आणि चौथं की पाचवं स्वेटर तिने ओढलं, तसं मला दिसलं. मीच वाफ दिली होती, कॉलर मीच घडी केली होती. तिने छातीवर हात फिरवला. हात थांबला.

"वॉल्ट, हा आपल्या गावचा नमुना."

"हो."

"आणि हात... हात माझ्यासारखाच घट्ट आहे कोणाचातरी." बोट काखेत घातलं. एकदा फिरवलं. परत फिरवलं. तिचं तोंड मी बघत होतो. दिवा घालवल्यासारखं झालं.

"नाही," ती म्हणाली. "हे नव्हे." आणि हँगर चाचपून परत अडकवलं, नीट, खांदे सरळ करून. पुढे सरकली.

आता मी किती नालायक ते ऐक. मनात आलं, गुपचूप विकत घ्यावं, घरी जाऊन टाका उलटा करावा आणि शनिवारी म्हणावं, हिल्डा, सापडलं बघ. मी शूर, ती खूश. पण तो टाका माझा झाला असता ना. जन्मभर ती माझ्या चुकीला हात लावून एडविनला आठवत बसली असती.

तेवढ्यात एक दाढीवाला तरुण आला, पँट घोट्यावर दुमडलेली, तुमच्या शोधणाऱ्यांच्या जमातीतला. त्याने ती गॅन्सी उचलली, आरशासमोर अंगाला लावली आणि गल्ल्याकडे निघाला.

"हिल्डा," मी म्हणलं, "तीच आहे ती."

"कुठली?"

"आत्ता ठेवलीस ती. टाका होता. मी काढला. मला वाटलं चूक आहे."

गल्ल्यावरची बाई पैसे मोजता मोजता थांबली. दाढीवालाही थांबला. हिल्डा वळली, पण जरा चुकीच्या बाजूला, माझ्याऐवजी कपबशांच्या फळीकडे तोंड करून उभी राहिली.

"तू माझा टाका सुधारलास?"

"हो."

"आणि तीन आठवडे मला हिंडवलंस? लोकांच्या काखेत हात घालायला लावलास?"

"हो."

"शाळेत वेण्या बांधायचास तेव्हाही असाच गप्प बसायचास," ती म्हणाली. "गाढवा."

दाढीवाल्याने न बोलता गॅन्सी तिच्या हातात दिली. फार चांगलं पोरगं. मी पैसे भरायला वळलो तर तो गल्ल्यावर आधीच पैसे काढून देत होता. हिल्डाने बाही नाकाशी धरली. माझ्या वाफेने सगळा वास गेला होता, ते मला माहीत होतं, तिलाही कळलं असेल. त्याबद्दल ती कधीच काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

"सुई आहे?"

सुईदोरा माझ्या खिशात कायम असतो. बाहेर बंदराकडे तोंड करून एक बाक आहे, तिथे बसलो. वर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. मी माझी गाठ शोधून कापली, धागा मागे काढला, टाका सुटा झाला. "पकड," ती म्हणाली, "पळू देऊ नकोस." मी दोन बोटांत धरला. तिने अंगठ्याने माझी बोटं जरा बाजूला सारली. न बघता, म्हणजे बघणार कुठून, तिने तो पलटला, सुई घातली, ओढला.

मी म्हणलं, "जरा घट्ट कर, सैल राहिलाय."

"सैलच होता," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांची होते. मला कुठे नीट येत होतं तेव्हा?"

धागा दाताने तोडला. गॅन्सी मांडीवर पसरली, डावी काख उघडली आणि बोट आत घातलं. एकदाच फिरवलं.

"हां," ती म्हणाली. "आला."

मग आम्ही तळलेला मासा आणि बटाट्याच्या गरम कापांचे चिप्स खाल्ले. व्हिनेगर माझ्या चिप्सवर तिने ओतलं, सगळी बाटली, आणि म्हणाली चुकून झालं.

येते ती अजून गुरुवारी. इथेच बसते, माझ्या कामावर हात फिरवते आणि नावं ठेवते. आता काही चुकलेलं दिसलं की मी आधी तिच्या हातात देतो.

हे घे तुझं स्वेटर. कोणी विणलं, कोणासाठी, मला ठाऊक नाही. असतील नुसत्या चुकाच. टीव्ही बघत विणलं असेल बाईने. पण एकाच बाहीवर, मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन टाके शेजारी शेजारी... बोट लावून बघ. लागतात ना?

घालून जा पोरी, तुला शोभेल. फक्त माझ्याकडून ते सरळ करून मागू नकोस, आणि दुसऱ्या कोणाकडूनही करून घेऊ नकोस. एवढं ऐकशील?