पाहून न उघडणारे कुलूप

मित्रांनो, मी चर्चच्या दारावरचे एक जुने पितळी कुलूप आहे. संशय घेणे हा माझा पेशाच! कारखान्यात माझ्या पोटात सात लिव्हर बसवले, ते प्रत्येक किल्लीची उलटतपासणी करण्यासाठी. त्यांतला एक झिजल्यापासून तर किल्ली सूतभर मागे ओढून, किंचित उचलून फिरवल्याखेरीज मी कोणालाही दाद देत नाही. ही खुबी एकट्या फिटरकाकांना ठाऊक. ते आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, एक वडीलधारे पुढारी. तीस वर्षे मला तेल त्यांनीच घातले. "काकांसारखा हात नाही!" असे लोक म्हणत, आणि काका खुशीत मिशी कुरवाळत.

एका रविवारी काका तापाने आडवे झाले. त्यांच्या घरून किल्ली तेवढी आली. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ती फिरवून घामाघूम झाले. मग मंडळीतला सुतार पुढे झाला आणि वैतागून म्हणाला,

"तीस वर्षं बघतोय की मी!"

"मग उघड ना, बघ्या!" त्याची बायको म्हणाली.

उपासना पायऱ्यांवरच झाली. महिन्यापूर्वी बाप्तिस्मा घेतलेली शिवणवाली ताई शेवटी पाळकांना म्हणाली, "माझंही असंच आहे. सगळे डोळे मिटतात, मीही मिटते. प्रार्थना कशी करायची, कुणी सांगितलंच नाही. आता मी येणार नाही."

पाळकांकडून हे कळताच, ताप उतरलेले काका शनिवारी तिला घेऊन आले. मी सावध! परका हात, तोही काकांच्या डोळ्यांदेखत? ही चोरीची तालीम तर नव्हे?

"काका, मोडलं तर?"

"मोडू दे. तंत्रशाळेत मी पोरांच्या हातावर हात ठेवून कानस शिकवली. इथं नुसतं करून दाखवत राहिलो. चूक माझी. धर किल्ली."

अकरा वेळा मी तिला परतवले. मग दोघे पायरीवर बसले. काकांनी तिला मोठ्याने प्रार्थना करायला लावली.

"प्रभू... आज पाठ फार दुखतेय," एवढेच ती म्हणाली.

"झाली की प्रार्थना! उद्या ये."

ती आली. पुढे दर शनिवारी शास्त्रवाचन, प्रश्न, किल्लीचा सराव. हळूहळू मीही तिच्या हाताने उघडू लागले. म्हाताऱ्याचा डाव काय, म्हणून माझे कान टवकारलेलेच.

पुढच्या वर्षी काका लेकीकडे राहायला गेले. त्या शनिवारी दोन जणींची पावले वाजली. ताईने एका नव्या परिचारिकेचा हात किल्लीवर ठेवला आणि वर आपला.

"बघू नकोस गं, कर."

मित्रांनो, नव्या हाताचा संशय मला आजही येतो. पण जिथे सारे काही एकालाच जमते, त्या मंडळीचा संशय त्याहून अधिक येतो. काल आलेल्याचा हात आजच धरा. तो स्वतःहून मदत मागणार नाही.