उकळलेला पैलवान

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. आगपेटीएवढा, चंदेरी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझी हकीकत ऐकून तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र ती आठवली की अजूनही संताप येतो.

कारखान्यात धातूंची भुकटी दाबून, भाजून मला घडवलं, माझ्यात ताकद भरली आणि मी एका प्रयोगशाळेत आलो. पहिल्याच दिवशी लोखंडी कपाटाला असा चिकटलो, की सोडवायला दोन माणसं लागली. तेव्हापासून माझं नाव पैलवान पडलं.

मी ताईच्या हाताखाली होतो. ताई ही तिथली सर्वांत धाकटी संशोधक. प्रथिन म्हणजे बारीक मण्यांची माळ. त्यातले मणी संगणकावर बदलून ती निसर्गात नसलेली प्रथिनं आखायची. जंतूंकडून ती तयार करून घ्यायची, नळीत भरायची आणि निळ्या दिव्याखाली ठेवायची. नळी हिरवी चमकायची. मला जवळ नेल्यावर ती चमक मंदावली पाहिजे आणि दूर नेल्यावर पुन्हा वाढली पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. तसं झालं तर पुढे कधीतरी शरीराच्या आतलं औषध बाहेरून, हात न लावता चालू-बंद करता येईल, असं ती म्हणायची. अडतीस माळांनी मला ओळख दिली नाही. एकोणचाळिसावीने दिली. मी जवळ गेलो की ती मंद व्हायची, अगदी दर वेळी. त्या दिवशी ताईने मला स्वतःच्या रुमालाने पुसलं.

आणि मग नळ्यांमध्ये बुरशी शिरली. प्रयोगशाळेची स्वच्छता काकांकडे होती. त्यांना सगळे मागून उकळकाका म्हणत, ते उगीच नाही. जे दिसेल ते त्यांनी वाफेच्या बंद भांड्यात घातलं. बाटल्या, चिमटे, झाकणं आणि मी! माझ्यासारख्याला एवढी उष्णता सोसत नाही. माझ्या खोक्यावर तसं ठळक छापलं होतं. ते खोकं धूळ धरतं म्हणून काकांनीच फेकून दिलं होतं. बोला आता!

मी बाहेर आलो तो चकचकीत होऊन, पण अंगातलं बहुतेक बळ गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ताईने मला नळीजवळ नेलं. चमक जशीच्या तशी. मग काय विचारता! पाणी तपासलं, मीठ तपासलं, दिवा दोनदा बदलला. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. पैलवानाची नाडी कोण बघतो? मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. दीड महिन्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या मॅडम म्हणाल्या, की आधीचा निकाल योगायोगच असावा. काम बंद करा, नळ्या शुक्रवारी नष्ट करा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! सगळ्यांत वाईट म्हणजे, आपणच डोळ्यांना फसलो असं ताईलाही वाटू लागलं. त्याचं मला फार दुःख झालं.

शुक्रवारी काकांनी 'आज नळ्या उकळायच्या' असा कागद कपाटावर लावायला घेतला आणि हाताशी होतो म्हणून मला त्यावर ठेवलं. मी कागदासकट घसरलो. त्यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा घसरलो. तिसऱ्या वेळी ते मला तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग नळ्यांचा ट्रे उचललेल्या ताईपाशी गेले.

"ताई, तो ट्रे खाली ठेव. तुझ्या नळ्यांचा काही दोष नाही गं. मीच याला वाफेत घातला होता."

ताईने ट्रे खाली ठेवला. शेजारच्या खोलीतून तिने दुसरा चुंबक मागून आणला आणि एकोणचाळिसावीजवळ नेला. चमक मंदावली. दूर नेला, वाढली. ताई स्टुलावर बसली आणि रडली. काकाही चष्मा पुसत होते.

मित्रांनो, मोजण्याआधी मोजणाऱ्यालाही तपासा, आणि तोपर्यंत मुक्या नळीला दोष देऊ नका. मी आता कपाटावर असतो. काकांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून माझ्याखाली लावली आहे: 'चुंबक उकळू नये.' चिठ्ठी लहानशीच आहे. तेवढीच मला पेलते.