भाऊसाहेबांचा गारवा

ऑफिसातल्या एसीचा रिमोट अकरा वर्षं हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होता. सकाळी आले की ते अठराचा आकडा लावायचे. मग बाहेर ऊन रणरणत असताना आत वीस माणसं स्वेटर चढवून फायली लिहायची. घरी बायको म्हणायची, "भर उन्हाळ्यात स्वेटर वाळत घालणारं आपलंच एक घर. शेजारणी विचारतात, मिस्टरांची तब्येत बरी आहे ना?" भाऊसाहेब ते हसण्यावारी न्यायचे. कुणाला फारच गार वाटलं तर त्याला त्यांच्या टेबलापाशी येऊन अदबीने सांगावं लागे, आणि ते अदबीने सांगणं त्यांना फार आवडायचं.

मग नोंदणीच्या टेबलावर एक नव्या बाई आल्या. नोकरीत अजून कायम व्हायच्या होत्या, पण डोळे उघडे ठेवून वावरणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "या खिडक्या उघडत नाहीत का?"

उघडत होत्या. फक्त कपाटं आडवी आली होती. बाईंनी साहेबांची परवानगी काढून कपाटं सरकवली, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, दिवसाउजेडी जळणाऱ्या निम्म्या ट्यूब बंद केल्या. एसी दुपारी तीनच तास, तोही सव्वीसवर. महिन्याभरात विजेचा वापर निम्म्यावर आला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, हे आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही."

त्या "आम्हाला"ने भाऊसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता माणसं चहा घ्यायला खिडकीपाशी जमायची, "ताई, ताई" करत. हेडक्लार्कच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. अकरा वर्षांत कमावलेला मान या बाईने एका खिडकीत पळवला, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. तिकडे हसू फुटलं की इकडे यांचा जळफळाट व्हायचा.

आणि एका सकाळी खिडकीजवळच्या मोठ्या नोंदवहीची पानं जमिनीवर पसरलेली सापडली. चार फाटली होती.

"वारा," भाऊसाहेब म्हणाले. "मी आधीच सांगणार होतो."

खिडक्या बंद झाल्या. कपाटं जागेवर गेली, रिमोट ड्रॉवरमध्ये, आकडा अठरावर. दप्तर खराब केल्याबद्दल बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांना ठेवायचं की काढायचं, हे साहेब सोमवारी ठरवणार होते.

वही दुरुस्तीला मागच्या खोलीत गेली. तिथे बाइंडरकाका ऑफिसच्या जुन्या वह्या शिवत बसायचे. शनिवारी भाऊसाहेब मुद्दाम तिकडे गेले. बाईंविरुद्ध दोन शब्द ऐकायला मिळाले तर हवेच होते. दार उघडताच गरम झोत अंगावर आला. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्या तोंडाशीच एसीचं बाहेरचं यंत्र घरघरत होतं. काका बनियनवर बसून घामाने निथळत होते.

"खिडकी लावून घ्या की," भाऊसाहेब म्हणाले.

"लावली तर गुदमरतो, उघडली तर भाजतो. तुमच्या हॉलमधली गरमी ते यंत्र माझ्याकडे टाकतं. मधे महिनाभर बरं गेलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलायला तुमच्या टेबलापर्यंत यावं लागतं. तिथे मला हुडहुडी भरते." काकांनी वही पुढे ओढली. "भाऊसाहेब, मी चाळीस वर्षं वह्या शिवतोय. वारा पानं फाडतो, कोपरे दुमडतो. शिवणीचा दोरा कापत नाही. हा कात्रीने कापलाय."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला.

"मी कुणाला सांगितलेलं नाही. वही मी शिवून देईन, पण त्या बाईंची नोकरी मला शिवता येणार नाही. आणि तिने तुमचं नेलं तरी काय? वारा तुमच्याही टेबलावर येत होता. तुम्ही आत अठरा लावता तेव्हा बाहेर कुणाचा तरी उन्हाळा वाढतो. आज माझा वाढतोय. घरोघरी, ऑफिसात हेच चाललं तर सगळ्यांचाच वाढेल."

भाऊसाहेब तिथेच स्टुलावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वेटर काढला. सदरा पाठीला चिकटला होता. दहा मिनिटं त्यांना काढवेनात, आणि काकांनी इथे अकरा उन्हाळे काढले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी साहेब बाईंचा खुलासा वाचायला घेणार, तोच भाऊसाहेब उठले. "साहेब, दोरा मी कापला!"

साहेबांनी बाईंचा कागद फाडला आणि कोरा कागद भाऊसाहेबांपुढे सरकवला. "आता तुमचा खुलासा लिहा."

त्यांनी सगळ्यांसमोर सगळं लिहिलं. मग बाईंपाशी जाऊन माफी मागितली. बाई म्हणाल्या, "कपाटाला जरा हात लावा. मला एकटीला सरकत नाही."

आता रिमोट दाराजवळच्या खिळ्याला असतो. एसी चालतो ते तीन तास काकांचं टेबल आत, भाऊसाहेबांच्या शेजारी असतं.

वाचकहो, आपल्याही ऑफिसात असा एखादा गारवा कुणाच्या तरी खोलीत गरम होऊन पडत असेल. तो बंद करायला बटण पुरतं, पण आधी आपला हेवा सोडावा लागतो. वाचलेली वीज कुणा एकाची नसते आणि शहाणपण सुचेल त्याच्याकडून घ्यावं.

भाऊसाहेबांचा हेवा पुरता गेलाय असं नाही. बाईंचं कौतुक झालं की अजून टोचतं. तसं झालं की ते उठतात, मागच्या खोलीत जातात आणि काकांची खिडकी उघडी आहे ना, ते पाहून येतात.