माझ्या पहिल्या पानावरचा नागप्पा

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. वय विचाराल तर पुरती चार वर्षंही नाहीत, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. जुनी छत्री, बंद पडलेलं घड्याळ यांनी आपली कहाणी सांगितली की तुम्हाला त्यांची दया येते. माझी ऐकून दया बिया वाटून घेऊ नका. मी त्या लायकीची नाही.

माझा जन्म २००८ च्या दिवाळीनंतर बसवकल्याणच्या एका नेट सेंटरमध्ये झाला. मला घडवलं योगीराजने. तो हैदराबादला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. त्याचा मामा नागप्पा जवळच्या मुडबी गावात घोंगड्या विणायचा. घराणं मूळचं मेंढपाळांचं. मेंढ्या केव्हाच गेल्या, घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला माग तेवढा राहिला होता. नागप्पा विणायचा, वर चिंचोक्याची खळ लावायचा, आणि त्याची मुलगी जगदेवी काठाला लाल दोऱ्याची शिवण घालायची. बाजारात गिरणीची रंगीत ब्लँकेटं आली तशी त्या घोंगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग योगीराज कॅमेरा घेऊन मुडबीला आला.

"मामा, तुमचा फोटो काढतो. लोक माणूस बघून माल घेत्यात."

"कामून? घोंगडीचा काढ की. माझ्या थोबाडात काय हाय?"

"हसा जरा."

"उगं कसं हसायचं रे?"

मागून जगदेवी म्हणाली, "अप्पा, दात दाखवू नका, दोनच राहिलेत." नागप्पा खळखळून हसला आणि तेवढ्यात फोटो निघाला. मतदानाच्या ओळखपत्रावर तो पकडलेल्या चोरासारखा दिसतो. तो फोटो सोडला तर त्याच्या उभ्या आयुष्यातला हा एकच.

योगीराज हुशार होता, हे मी नाकारणार नाही. फोन नंबर त्याने माझ्या कपाळावरच लिहिला, म्हणजे गिऱ्हाइकाला शोधत बसायला नको. मजकूर मराठीत घेतला आणि कन्नडमध्येही. फोटो लहान आणि हलका केला, कारण जड फोटोचं पान उघडायला वेळ लागतो आणि लोक कंटाळून निघून जातात. मोठा फोटो त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर राहिला.

मग माझी नोंदणी करायची वेळ आली. फॉर्ममध्ये मालकाचं नाव विचारतात. योगीराजने मामाला विचारलं, तर नागप्पा म्हणाला, "तुझंच घाल की. आज भाचा हाईस, उद्या जावई. घरातल्या घरात नाव कुणाचं का असंना." तिकडे मामाची मुलगी भाच्याला द्यायची रीत आहे, आणि जगदेवी पाळण्यात असल्यापासून योगीराजची ठरलेली होती. नात्यावर विश्वास ठेवून नागप्पाने कागद दुसऱ्याच्या नावावर केला. सगळ्या गावाने हेच केलं असतं.

पुढची दीड वर्षं माझ्या सुखाची. जगदेवी दहावी झालेली होती. दर गुरुवारी ती बसने बसवकल्याणला यायची आणि माझ्यावर ब्लॉग लिहायची. घोंगडीला कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला कसा घालावा, ती धुवावी की नुसती उन्हात झटकावी, असं रोजच्या उपयोगाचं. आलेल्या प्रत्येक पत्राला ती त्याच दिवशी उत्तर द्यायची. तिचा सगळ्यात वाचला गेलेला लेख होता 'खरी लोकर कशी ओळखावी'. त्यात तिने लिहिलं होतं : एक धागा ओढून काढा आणि जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक.

माझ्या तळाशी पाहुण्यांचा आकडा दाखवणारी पट्टी होती. त्या लेखाने आकडा भराभर वाढला आणि मी फुगले. पुण्याहून, नाशिकहून मागण्या आल्या. नागप्पा दुसरा माग बसवायचं बोलू लागला.

२०१० च्या उन्हाळ्यात योगीराजने हैदराबादला लग्न केलं, पुन्हा तिकडे जाऊन ज्या दुकानात कामाला लागला होता त्याच्या मालकाच्या मुलीशी. मुडबीला ते महिन्याने कळलं. त्या गुरुवारी जगदेवी आली, तिने पासवर्ड घातला आणि मी म्हटलं, "पासवर्ड चुकीचा आहे." तिने तीनदा घातला, मी तीनदा तेच म्हटलं. चौथ्यांदा तिला दारच बंद केलं. ज्याच्या नावावर मी आहे त्याचीच मी, बाकी कुणाला ओळखायचं मला शिकवलेलं नाही.

माझ्या कपाळावरचा नंबर बदलला. आता माल कुठल्याशा गिरणीतून येऊ लागला, लाल शिवणसुद्धा यंत्राची. बदलला नाही तो फक्त फोटो. जगदेवीने एकदा फोन केला.

"अप्पाचा फोटो तरी तिथनं काढून टाक रे."

"जगू, फोटोवरच तर माल जायलाय," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग ती तेच माझ्या 'संपर्क' या चौकटीत लिहू लागली. तिथे लिहिलं की माझ्याकडून आपोआप उत्तर जातं. योगीराजने ते एकदाच लिहून ठेवलं होतं : "धन्यवाद! आपला निरोप आमच्यासाठी मोलाचा आहे. नागप्पा स्वतः आपल्याशी लवकरच संपर्क साधतील." प्रत्येक वेळी मी तिला हेच पाठवलं.

पुढे काय झालं ते तिनेच त्या चौकटीत लिहिलं, म्हणून मला ठाऊक. थंडीच्या दिवसांत उदगीरकडचे अंकुशराव नावाचे गृहस्थ मुडबीला आले. त्यांनी माझ्याकडून घोंगडी मागवली होती. त्यांची आई ती पांघरून चुलीपुढे बसली असता इंगळ उडाला, घोंगडी वितळली आणि म्हातारीच्या पायाला चिकटली. सोलून काढावी लागली. अंकुशरावांनी जगदेवीचा लेख वाचला, धागा जाळून पाहिला आणि माझं पहिलं पान छापून घेऊन आले. बाजाराचा दिवस होता. त्यांनी चारचौघांत नागप्पाच्या हातात काडेपेटी दिली.

"जाळ. तूच लिवलंयस न्हवं, जाळून बघा म्हणून?"

धाग्याचा काळा मणी झाला. नागप्पा म्हणाला, "मालक, हे माझं न्हाई."

"मग ह्यो फोटो कुणाचा? तुझ्या बापाचा?"

"फोटो माझाच हाय, पर..."

 भाच्याने फसवलं म्हणायचं तर पोरीचं मोडलेलं लग्न बाजारात मांडावं लागणार होतं. त्याने खांद्यावरची स्वतःची घोंगडी काढली आणि पुढे केली. "ही न्या आईला. माझ्या हातची हाय."

अंकुशरावांनी तिचाही धागा ओढून जाळला. केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरली. सगळ्या बाजाराने तो वास घेतला. जगदेवीला वाटलं, सुटलो. अंकुशराव म्हणाले, "व्हय रे, म्हंजे खरी सोता पांघरायलास आन् आमच्या म्हाताऱ्यांना पलास्टिक इकायलास?"

लोक हसले. कुणीतरी नागप्पाचा पटका उडवला.

त्या आठवड्यात माझ्या पाहुण्यांचा आकडा कधी नव्हे इतका वाढला. नागप्पाचं थोबाड बघायला लोक येत होते, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

नागप्पाने माग मोडला आणि खड्डा मातीने बुजवला. मग तो हैदराबादला एका इमारतीच्या फाटकावर राखणीला गेला आणि पुढच्याच थंडीत तिथेच वारला. गावी आणला तेव्हा अंगावर गिरणीचं ब्लँकेट होतं.

जगदेवीने लिहिलं : "योगीराज, अप्पा गेले. आता पानावरचा फोटो काढून टाकू नकोस. घरात लावायला त्यांचा फोटो नाही. तुझ्या पानावरचा छापून आणला तर चौकटीत मावेल एवढा करताना डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन येतात. मोठा फोटो तुझ्याकडे आहे. तेवढा पाठव. दुसरं काही मागत नाही."

हा निरोप योगीराजने वाचला. मेलेल्या माणसाचा फोटो दुकानात बरा दिसत नाही, म्हणून त्याने त्याच दिवशी तो काढून टाकला. दीड वर्ष ती हेच मागत होती. मोठा फोटो त्याने पाठवला नाही. माझ्या पहिल्या पानावर आता दुसराच एक म्हातारा हसतो. त्याला सगळे दात आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरच्या धंद्याची वेबसाइट कराल तेव्हा फोन नंबर वर लिहा, उत्तरं वेळेवर द्या, ब्लॉग आपल्या भाषेत लिहा. पण आधी नोंदणी स्वतःच्या नावाने करा आणि पासवर्ड स्वतःपाशी ठेवा, समोर भाचा असो की जावई. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक चांगला, मोठा फोटो काढून घरीच ठेवा.

फोटो बदलताना योगीराज ते आपोआप जाणारं उत्तर बदलायला विसरला. जगदेवी अजून दर गुरुवारी येते आणि मोठा फोटो मागते. मी तिला त्याच क्षणी कळवते : धन्यवाद! आपला निरोप आमच्यासाठी मोलाचा आहे. नागप्पा स्वतः आपल्याशी लवकरच संपर्क साधतील.