देवापाशी कुलूप, ओट्यापाशी सायकल

सायकल बिनाकुलपाची होती म्हणून चोरीले गेली असं सांगितलं, की लोक म्हणतात, लावायचं विसरले असाल. विसरली असती तर मी एवढी बोंबललीच नसती. कुलूप घरात होतं, मजबूत होतं, किल्लीसकट होतं. पण ते खंडेनवमीच्या पूजेत होतं. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, फटफटीची किल्ली, अन् या सगळ्याच्या मधात माझ्या सायकलीचं साखळीवालं कुलूप, वर झेंडूचं फूल. आमच्याकडे नवमीले पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हलवत नाही. तोवर सायकल बाहेर ओट्यापाशी मोकळी. सकाळी कुलूप जागेवर होतं, सायकल नव्हती.

ठेवलं कोणी? माझ्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं. सूर्यभान त्यायचं नाव. पोलीस ठाण्यात जमादारानं विचारलं, कुलूप कुठं होतं? मालक म्हणाले, देवापाशी. जमादारानं पेन खाली ठेवला अन् माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगू त्याले? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. असं काहून केलं म्हणून मी मालकाले घरी आल्यावर विचारलं, जेवताना विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. हा माणूस नुसता खाली पाहून भाकर मोडे.

एका सायकलीपायी सूर्यभानची शकुन एवढी काहून तडतडते, असं गावानं म्हणून घेतलं. गावाचं काय जाते? दर्यापूर रोडवर आमचं गाव, अन् वावर गावापासून दूर, पांधणीनं जावं लागते. काळ्या मातीची पांधण. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यापर्यंत दगडावाणी कडक राहतात. माझ्या मणक्यात गॅप. फटफटीवर मागं बसून गेली की दोन दिवस अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, पायडल मारा, चाला, पण धक्का नको. तेव्हा अमरावतीच्या माझ्या भाचीनं, आकांक्षानं, आपली डोंगरात चालवायची सायकल मले देऊन टाकली. डबल शॉकअपची. एक शॉकअप पुढच्या चिमट्यात, एक सीटखाली. चाक खड्ड्यात जाई अन् पाठीले खबरही नसे.

पहिल्या दिवशी सलवार घालून त्या सायकलीवर निघाली तर पारावरचे लोक उभे राहिले होते. नंतर सवय झाली त्यायले. मालक कापूस अन् सोयाबीन पाहत, झेंडू-शेवंतीचा तुकडा माझा. कोणती ओळ कधी तोडायची, कोणत्या दिवशी माल अमरावतीले पाठवायचा, हे मी ठरवत होती. कोणाच्या फटफटीची वाट पाहायची नाही, कोणाले वावरात सोडून द्या म्हणायचं नाही.

सायकल गेली अन् दसऱ्याचे पेढे संपायच्या आत नत्थुजी येऊन बसले. मालकाचे चुलतभाऊ. चहा फुंकत फुंकत म्हणाले, वहिनीले आता आराम द्या, फुलाचा तुकडा मले ठेक्यानं द्या. मालक म्हणाले, "पाहू." नाही म्हणाले असते तर मी तिथंच शांत झाली असती. होय म्हणाले असते तर भांडून मोकळी झाली असती. "पाहू" म्हणजे काय? मी सांगून टाकलं, दिवाळीच्या तोडणीले मी माझ्या पायडलवर वावरात जाईन. नाही जमलं तर द्या तुकडा.

मग सुरू झाली सायकल पाहणी. देवा, वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

अमरावतीच्या पहिल्या दुकानात सायकल मले पाहिजे, पाठ माझी, अन् दुकानदार मालकाले विचारून राहिला, भाऊ, कशी दाखवू? दाखवली ती गुलाबी, पुढं टोपली. म्हणे, भाजी आणायले बरी. अरे, आमी भाजी पिकवतो, आणाले कुठं जाऊ? दुसऱ्या दुकानात डबल शॉकअप होती, लाल-काळी, दिसायले झकास. मी सीटवर दोन्ही हातानं जोर दिला. मागचं स्प्रिंग हललंच नाही. पुन्हा दिला. दुकानदार म्हणे, काकू, नवीन आहे, चालवून चालवून नरम होईल. म्हणजे तोवर माझी पाठ नरम करायची. तिसऱ्या ठिकाणी स्प्रिंग एवढं ढिलं, की पायडल मारलं की सायकल पुढं जायच्या ऐवजी वरखाली होई. चौथ्यानं सांगितलं, अशी मागवावी लागते, दिवाळीनंतर या.

अन् मालक प्रत्येक दुकानातून काय घेऊन निघत? कुलूप. एक साखळीचं, एक नंबरचं, एक नुसत्या लोखंडाचं, बैलाच्या जोखडाएवढं. सायकलीचा पत्ता नाही अन् कुलपं तीन. बैल गेला अन् झोपा केला. मी बोलली की म्हणत, साधी सायकल घे ना, काळी, जुन्या घडणीची, तिले कोणी चोरत नाही. शॉकअपबिकअप शहरातले नखरे. त्या दिवशी बसमध्ये मी त्यायच्याशी बोललीच नाही, दर्यापूर फाट्यापर्यंत खिडकीतून तुरीच पाहत बसली.

शेवटी आकांक्षाचा फोन आला. अकोल्याले गोरक्षण रोडवर प्राजक्ता म्हणून कॉलेजात शिकवणारी बाई आहे, तिची एक सायकल विकायची आहे. आमी गेलो. प्राजक्ता मोकळ्या मनाची निघाली. हौसेनं घेतली, ग्रुपसोबत एकदा सेमाडोहच्या जंगलापर्यंत गेली, अन् तेव्हापासून सायकल गॅलरीत. हँडलवर टॉवेल वाळत होता. तिनं तो काढला अन् मी सीटवर जोर दिला. सीट खाली गेली, थांबली, सावकाश वर आली. माझ्या जिवात जीव आला.

मालक बाजूनं म्हणाले, जुनी आहे. मी म्हटलं, आपणही जुनेच. ते म्हणाले, साधीत अन् हिच्यात काय फरक पडते, पाठ तर तीच. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. प्राजक्ताच्या घरामागं नवीन प्लॉटांचं लेआउट पडलेलं, काळी माती, मुरूम वाहणाऱ्या ट्रकनं पाडलेल्या चाकोऱ्या वाळून कडक. आमची पांधणच उचलून आणल्यासारखी. तिथल्या चौकीदाराची साधी काळी सायकल भिंतीले टेकलेली होती. मी त्याच्याकडून ती मागून घेतली अन् मालकापुढं उभी केली.

"बसा," मी म्हटलं. "त्या खांबापर्यंत जा अन् या. मग दुसरीवर बसा. मग मले फरक सांगा."

नाही म्हणायची त्यायची हिंमत झाली नाही, कारण प्राजक्ता पाहून राहिली होती. गेले. जाताना टोपी पडली, येताना बोलणं पडलं. उतरले ते कंबरेवर हात ठेवून. मग डबल शॉकअपवर बसले. खांबापर्यंत गेले, तिथून वळले, अन् यायच्या ऐवजी पुन्हा खांबाकडे गेले. एकदा नाही, दोनदा. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. विटांच्या ढिगावर बसले. प्राजक्ता समजूतदार, चहा ठेवते म्हणून आत गेली.

"इतकी वर्षं मी तुले फटफटीवर मागं बसवून नेलं," मालक म्हणाले. "तू काही बोलली नाही."

मी म्हटलं, बोलली होती. तुमाले फटफटीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

मालक खालीच पाहत, कोणी न विचारता, बोलायले लागले.

"नवमीले सगळ्याचं हत्यार पूजेत मांडलं मी. बाबाचा विळा, माझा पंप, माझ्या फटफटीची किल्ली. अन् ध्यानात आलं, आजवर तुझं काहीच कधी मांडलं नाही. तुझं हत्यार म्हणजे ती सायकल. तिले आत आणली असती तर चिखल झाला म्हणून तूच वरडली असती. म्हणून कुलूप ठेवलं."

आता या माणसाले काय करावं? पंधरा दिवस मी त्याले मूर्ख म्हटलं, येडं म्हटलं, चोराचा सोयरा म्हटलं, अन् हा एवढं पोटात ठेवून भाकर मोडत बसला. मले रडू आलं अन् राग पण आला, अन् राग आधी बाहेर पडला.

"अहो, मग फटफटीची जशी किल्ली ठेवली, तशी सायकलीची किल्ली ठेवायची ना. कुलूप लागलं असतं अन् पूजाही झाली असती."

"किल्ली इत्तीशी," मालक म्हणाले. "एवढ्या विळ्या-खुरप्यात दिसली नसती."

मी पदरानं डोळे पुसले अन् प्राजक्ताले आवाज दिला, की सायकल आमी नेतो. अकोल्याहून ती जीपच्या टपावर आली, तिन्ही कुलपं लावलेली. मूर्तिजापूरपर्यंत मालक दर थांब्याले उतरून वर पाहून येत, ते मी पाहिलं न पाहिलं केलं.

नत्थुजी दिवाळीच्या आधी पुन्हा आले. या वेळी मालक "पाहू" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुकडा शकुनचा आहे, तिले विचारा." मी तेव्हा घरी नव्हती, वावरात झेंडू तोडून राहिली होती. मले हे शेजारणीनं सांगितलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी पाऊस शिंतडून गेला अन् वावरातून आली तेव्हा दोन्ही चाकं काळ्या मातीनं भरलेली. सकाळीच घर सारवलं होतं, रांगोळी काढली होती. मालक देवापाशी पाट मांडून बसले होते. मी सायकल ओट्यावर चढवली, उंबरठ्यावरून आत घेतली अन् रांगोळीच्या बाजूनं नेऊन थेट पाटापाशी उभी केली. मागं दारापासून देवापर्यंत चिखलाची लांबच लांब रेघ. मालक त्या रेघेकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, मी आता वरडीन म्हणून वाट पाहत होते.

"पाहून काय राहिले?" मी म्हटलं. "कुंकू लावा तिले."